झेडी टलकचा भिडू

रोज संध्याकाळी मी हॉटेलच्या लॉबीत उभा राहतो आणि नव्या पाहुण्यांना जिवंत राहण्याचे नियम सांगतो. रात्रीची मजा करायलाच तुम्ही जमैकात, नेग्रिलला आला आहात, तेव्हा जरूर करा, असं म्हणून मी सुरुवात करतो. लाल नंबरपाटी नसलेल्या टॅक्सीत बसू नका. ग्लास टेबलावर ठेवून नाचायला गेलात, तर परत आल्यावर तो तोंडाला लावू नका. चांदणं कितीही छान पडलेलं असो, किनाऱ्यावरून एकट्यानं चालत येऊ नका. ज्यांच्याबरोबर बाहेर पडाल त्यांच्याबरोबरच परत या. आणि डॉमिनो खेळणाऱ्यांच्या टेबलाला धक्का लावू नका. या शेवटच्या नियमाला सगळे हसतात. मी हसत नाही, कारण पोलिसात असताना त्या एका धक्क्यापायी कापलेली माणसं मी उचललेली आहेत.

माझं नाव लेनवर्थ पिनॉक. सार्जंट म्हणून निवृत्त झालो, म्हणून सगळे मला सार्ज म्हणतात. सीग्रेप बे हॉटेलची सुरक्षा माझ्याकडे आहे. आमच्याकडे भुताला डपी म्हणतात. चोरीचा माल, बेवारस पोर आणि फुटलेलं डोकं, या सगळ्याचा आळ डपीवर टाकणारे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. दर वेळी चौकशीअंती त्या डपीला दोन पाय आणि एक वकील निघाला. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते घाबरट माणसाचं बोलणं म्हणून ऐकू नका.

मागच्या हंगामात इंग्लंडहून एक पाहुणा आला होता. त्यानं माझे नियम ऐकून मान डोलावली आणि खरं जमैका बघायला म्हणून रस्त्याकडेच्या एका बारमागच्या अंगणात शिरला. तिथे एका म्हाताऱ्याची नववी रात्र चालू होती. माणूस गेला की नवव्या रात्री त्याच्या अंगणात गाव जमतं, गाणी म्हणतं, डॉमिनो आपटतं, रम पितं. मेलेल्यासाठी वेगळं टेबल मांडतात, त्यावर तळलेला मासा, भात आणि पांढरी रम. मध्यरात्रीपर्यंत त्या ताटाला कुणी बोट लावायचं नसतं. या साहेबानं मासाच उचलला. म्हाताऱ्याच्या मुलानं त्याच्या तोंडावर बाटली फोडली. मी पोचलो तेव्हा साहेबाचा अर्धा कान गालावर लोंबत होता आणि तो रडत रडत सांगत होता की मासा फार चविष्ट होता.

आमच्या मॅनेजर मिसेस लिंडो हुशार बाई. त्या म्हणाल्या, पाहुण्यांना नववी रात्रच बघायची असेल तर ती आपण भिंतीच्या आत करू. दर शुक्रवारी, सूर्य बुडाला की सुरू. ग्लास प्लास्टिकचे, कोयता लाकडाचा, नर्स हाताशी. मला ही कल्पना इतकी पटली की मी माझ्या धाकट्या भावाचं नाव पुढे केलं.

ऑरव्हिलला आई गेल्यावर मीच वाढवलं. मारलंही भरपूर. देवानं त्याला गळा दिला आणि अक्कल द्यायला विसरला. पण तो गायला लागला की लोक हातातलं काम खाली ठेवत. त्याच्यावाचून मला दुसरं कुणी नाही. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही, इथे सांगून ठेवतो.

अडचण एकच होती, मेलेला माणूस आणायचा कुठून. आपल्या माणसाचं नाव तमाशाला कोण देणार? ऑरव्हिल म्हणाला, त्यात काय, एक तयार करू. आणि उभ्या उभ्या त्यानं नाव सांगितलं, झेडिकाय टलक. पहिल्या शुक्रवारी झेडी नुसता मासेमारी करणारा एक उंच माणूस होता. दुसऱ्या शुक्रवारी त्याला कसाव्याच्या भाकरीची आवड लागली आणि पायानं तो थोडा लंगडा झाला. मग ऑरव्हिलच्या ध्यानात आलं की पाहुण्यांना खून आवडतो. तेव्हापासून गाण्यात झेडी डॉमिनो खेळताना मरायला लागला. या खेळात दोन-दोनांच्या जोड्या असतात आणि भिडू एकमेकांच्या समोर बसतात. झेडीच्या भिडूनं खेळात दगा दिला, झेडीनं तो बोलून दाखवला, आणि भिडूनं उठून कोयत्याचे तीन वार केले. एक मानेवर, एक खांद्यावर, एक हातावर. पाहुणे विचारत, भिडूचं नाव काय? ऑरव्हिल ओठावर बोट ठेवून म्हणायचा, ते झेडी स्वतः येऊन सांगेल. टाळ्या पडायच्या.

मंचावर चार खुर्च्यांचं डॉमिनोचं टेबल असे. एक खुर्ची झेडीची म्हणून रिकामी. तिच्या समोर ऑरव्हिल बसायचा, कारण तिथूनच तो सगळ्यांना दिसायचा.

खऱ्या नवव्या रात्रीचा शेवट निरोपानं होतो. मध्यरात्री घर झाडतात, गादी उलटी घालतात, खुर्च्या हलवतात, म्हणजे त्याला घर ओळखू येऊ नये. मग मोठ्यानं सांगतात की तुझं इथलं संपलं, आता जा. आमच्याकडे दहा वाजता डिस्को उघडायचा, म्हणून निरोप गाळला होता. गाणाऱ्या बायकांतली आंट उना एकदा कुरकुरली, तेव्हा मी तिला म्हणालो, "आंटी, मेलेलाच कुणी नाही, तर निरोप कुणाला देतेस?" सगळे हसले, उनासुद्धा हसली. त्या बोलण्यात मला आजही चूक सापडत नाही.

मार्चमध्ये गार्नेट नावाच्या आमच्या नर्तकाला जखम झाली. खुनाच्या प्रसंगात तो झेडी व्हायचा आणि दुसरा नर्तक लाकडी कोयता त्याच्या खांद्याला नुसता टेकवायचा. त्या दिवशी कोयता टेकला आणि गार्नेट ओरडलाच नाही, गुडघ्यावर बसला. खांदा हाडापर्यंत उघडा होता. आत पांढरं दिसत होतं आणि रक्त समोरच्या रांगेतल्या बाईच्या सँडलपर्यंत गेलं. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कोयत्याची जखम मला कळते. तिच्या कडा सरळ असतात. तो लाकडी कोयता मी हातात घेऊन पाहिला. चंदेरी रंग दिलेला बोथट पट्टा, त्यावर हॉटेलचा शिक्का. त्याच्यावर रक्ताचा थेंबही नव्हता. मी मिसेस लिंडोंना सांगितलं की काच लागली असावी. आमच्याकडे काचेचं काही नव्हतं, पण त्यांनीही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी स्वयंपाकघरातले तिघे मंचावरच्या त्या टेबलावर खेळत बसले. फिट्झी आणि डेलानो ही अगदी गाय माणसं, एकाच चर्चमध्ये जाणारी. मी आरडाओरडा ऐकून धावलो तेव्हा फिट्झीनं मासे चिरायची सुरी डेलानोच्या तळहातातून आरपार टेबलात ठोकली होती आणि दुसऱ्या हातानं तो त्याचं तोंड फोडत होता. दोघांना ओढून वेगळं करताना माझा एक दात हलला. फिट्झीला मी भिंतीशी दाबून धरलं आणि विचारलं की झालं काय. तो रडत होता. म्हणाला, "तो म्हणाला डेलानो खुणा करतोय."

"कोण तो?"

"समोरचा."

समोर झेडीची खुर्ची होती. मी फिट्झीला घरी पाठवलं आणि त्याच्या रमच्या सवयीबद्दल चारचौघांत बोललो. तो रम पीत नाही हे मला माहीत होतं.

यानंतर शनिवारी नाश्त्याच्या वेळी टोरांटोहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या टेबलाशी आल्या. त्यांना आमच्या एका नटाचं कौतुक करायचं होतं. तो उंच, थोडा लंगडणारा, मानेला ओला टॉवेल दाबून बसतो तो. गात नाही, नुसता खुर्चीत बसून राहतो. काल खेळ संपल्यावर तो त्यांच्यापाशी येऊन फार अदबीनं बोलला.

माझा पाव हातातच राहिला. काय बोलला, असं मी विचारलं.

"मला कुणी मारलं, तुम्ही पाहिलंत का? एवढंच विचारत होता सगळ्यांना. लोक हसून निघून जात होते हो. मला वाईट वाटलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाईंचा चेहरा खुलला. पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या त्या बाई. "मी म्हटलं, सोपं आहे. गाण्यात म्हणतात की भिडूनं मारलं. भिडू समोर बसतो. तुझ्या समोर कोण बसतं ते बघ. त्याला एकदम पटलं. त्यानं माझा हात हातात घेऊन आभार मानले. हात मात्र गार होता."

असा कुठलाही नट आमच्याकडे नव्हता. मी बाईंना तसं सांगितलं नाही. त्यांना मासा वाढायला सांगून मी ऑरव्हिलच्या घरी निघालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या घाईची लाज वाटली.

ऑरव्हिल रेड ग्राउंडला दोन खोल्यांच्या घरात एकटा राहतो. त्याच्या दारावर तीन वार होते. ताजे, लाकडाचा गाभा दिसणारे. तो आत पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसला होता, आणि गंमत म्हणजे शुद्धीत होता.

मी आधी पोलिसासारखं विचारलं, कुणाचं देणं, कुणाची बायको, कुणाशी भांडण. त्यानं सगळ्याला नकारार्थी मान हलवली. पहाटे कुणीतरी दारावर कोयता चालवत होतं आणि वारांच्या मध्ये थांबून विचारत होतं, तूच का? आवाज ओरडून नव्हता येत. चौकशी केल्यासारखा येत होता.

त्याला मी सॅव्हाना-ला-मार गावात त्याच्या मैत्रिणीकडे धाडलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिच्या दाराच्या दोन फळ्या निघाल्या होत्या, आणि तिनं ऑरव्हिलला कपड्यांसकट रस्त्यावर काढलं होतं. मी त्याला घरी परत आणलं आणि परवान्याचं पिस्तूल घेऊन त्याच्याकडे मुक्काम ठोकला. माझा भाऊ कापायला येणारा माणूस मला बघायचाच होता.

उजाडताना आवाज आला. कोयता लाकडात बसतो तेव्हा आधी ठक्क होतं आणि मग तो ओढून काढताना लाकूड कुरकुरतं. मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि घराला वळसा घालून पुढे आलो. चांगलं दिसण्याइतका उजेड होता. पायरीवर कुणी नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत दाराला एक नवी फट पडली, कपची उडून माझ्या गालाला लागली, आणि फट आपोआप रुंद होऊन मिटली, जसं पातं ओढून घेतलं असावं.

"तूच का?" कुणीतरी विचारलं. खरंच अदबीनं.

मी पायरीवरच्या मोकळ्या हवेत दोन गोळ्या झाडल्या. समोरच्या ब्रेडफ्रूटच्या झाडात त्या नंतर सापडल्या. शेजारच्यांचा कुत्रा भुंकत धावून आला आणि पायरीजवळ पोचताच मधोमध कापला गेला. पुढचं अंग आणखी दोन पावलं चाललं. मग सगळं शांत झालं आणि शेजारीण खिडकीतून मला शिव्या द्यायला लागली.

मला भीती वाटली. आत जाऊन मी ऑरव्हिलला जवळ घेतलं, आईच्या दफनानंतर पहिल्यांदाच.

तो म्हणाला, "लेन, शुक्रवारपर्यंत तो घरात येईल बघ. दार आता उरलंय किती?"

"शुक्रवारपर्यंत मी इथेच आहे."

"तू काय करणार? मेलेल्याला अटक करणार?"

मी दिवसभर विचार केला. पोलिसात मी एक गोष्ट शिकलो. खून झाला की लोकांना गुन्हेगार लागतो असं नाही, नाव लागतं. नाव मिळालं की घरी जातात. झेडीलाही नावच हवं होतं. ते ऑरव्हिलनं गाळलं होतं, आणि टोरांटोच्या बाईंनी आपल्या परीनं भरलं होतं. मग दुसरं नाव देऊ. मात्र ते कुणा जिवंत माणसाचं नको, एवढी अक्कल मला होती. ज्या विहिरीतून झेडी काढला तिच्यातूनच मारेकरी काढायचा. मी नाव जुळवलं, सिल्बर्ट ब्लॅग्रोव्ह. गाव लिटल लंडन, कारण ते जवळ आहे आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत कोयत्याला तोटा नाही.

तरी खात्री केली. आंट उनाला आसपासच्या चार गावांतल्या सासरमाहेरांची माहिती. ती म्हणाली की असा कुणी नाही. लिटल लंडनच्या चौकीतल्या कॉर्पोरल डॅकोस्टाला फोन केला. तो माझ्या हाताखाली शिकलेला. तोही म्हणाला, "ब्लॅग्रोव्ह नावाचं घरच नाही सार्ज आमच्याकडे. का?" मी म्हणालो, सहज.

मिसेस लिंडोंना सांगितलं की या शुक्रवारी खेळ निरोपासकट होईल, डिस्को थांबला तरी चालेल. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि होकार दिला.

सूर्य समुद्रात बुडाला आणि ढोल सुरू झाला. पाहुणे भाजलेल्या अंगांना मलम फासून, प्लास्टिकचे ग्लास घेऊन बसले होते. ऑरव्हिल आपल्या खुर्चीत बसला. तो बसला नाही तर झेडी त्याला शोधत फिरेल, आणि मला तो माझ्या नजरेसमोर हवा होता. मी त्याच्या मागे उभा होतो. समोर रिकामी खुर्ची, तिच्यामागे आंट उना आणि तिच्या बायका. लाकडी कोयता खांबाला टांगलेला.

ऑरव्हिलचा आवाज पहिल्या कडव्यात फाटला, दुसऱ्यात लागला. झेडीची होडी आली, झेडीची भाकरी आली. डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटायला लागल्या. तिसऱ्या कडव्याला मला रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल दिसला. तो कुणी ठेवला ते मी पाहिलं नव्हतं. त्यातून लालसर पाणी ठिबकत होतं.

आंट उनानं गाणं सोडलं. तिची नजर खांबाकडे होती.

खांबावर कोयता नव्हता.

टेबल मधोमध फाटलं. सोंगट्या उडाल्या, एक पाहुणा कौतुकानं हसला. ऑरव्हिलनं हात मागे घेतला तेव्हा त्याची दोन बोटं टेबलावरच राहिली होती. तो त्यांच्याकडे बघत होता, आपली आहेत का दुसऱ्याची अशा नजरेनं.

"तूच का?"

मी त्याला खुर्चीसकट मागे पाडलं. वार माझ्या कानाजवळून गेला आणि खुर्चीचा पाय सोलला. दुसरा वार त्याच्या छातीच्या जागी फळीत बसला. मी त्याला लोळवलं होतं म्हणून तो जिवंत होता. त्याच्या रक्तानं माझे हात निसरडे झाले होते आणि तो माझ्या हातांतून सुटत होता.

पातं फळीतून कुरकुरत निघालं.

"झेडी टलक, तो नव्हे," मी ओरडलो. "तुला सिल्बर्ट ब्लॅग्रोव्हनं मारलं. लिटल लंडनच्या सिल्बर्ट ब्लॅग्रोव्हनं."

ढोल थांबला होता. लाटा ऐकू येत होत्या.

"नक्की?"

"नक्की. मी पोलीस आहे."

समोरची खुर्ची फळीवर घासत मागे सरकली, माणूस जेवून उठतो तशी. बस्स, तेवढंच. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नर्स ऑरव्हिलकडे धावली. आंट उनानं मंच झाडला, खुर्च्या फिरवल्या, आणि तुझं इथलं संपलं, आता जा, असं तीनदा म्हणाली. पण मला वाटत होतं की आम्ही एका रिकाम्या खुर्चीला जा म्हणतोय. तो आधीच निघाला होता.

ऑरव्हिलची बोटं जोडता आली नाहीत. जीव वाचला. इस्पितळात त्याच्या पलंगाशी बसून मी शनिवार काढला, आणि खोटं कशाला बोलू, मी सुखात होतो.

रविवारी सकाळी डॅकोस्टाचा फोन आला. लिटल लंडनला खून झाला होता, प्रकार विचित्र होता, आणि सापडलेल्या एका वस्तूवर आमच्या हॉटेलचा शिक्का होता. मी येऊ शकेन का?

माणूस घराच्या पायरीवर पडला होता. साठीचा, रापलेला, पायात रबरी बूट. एक वार मानेवर, एक खांद्यावर, एक हातावर. मान जवळजवळ सुटली होती आणि डोकं स्वतःच्या खांद्यावर टेकल्यासारखं दिसत होतं. माशा बसल्या होत्या. शेजारी आमचा लाकडी कोयता, कोरडा ठणठणीत.

"बिचारा सिल्बर्ट," डॅकोस्टा म्हणाला. "मुंगीसुद्धा न मारणारा माणूस. पंधरा वर्षं आमच्या चौकीबाहेर शहाळी विकत होता. तुम्ही पण प्यायली असतील सार्ज."

"मी तुला विचारलं होतं," मी म्हणालो. "मंगळवारी. ब्लॅग्रोव्ह नावाचं घर नाही म्हणालास."

"मंगळवारी? मी मंगळवारी तुमच्याशी बोललोच नाही."

मी घरात गेलो. दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, खालपासून वरपर्यंत, जुन्या पुसट झालेल्या. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, कडा वाळवीनं खाल्लेल्या. चुलीवरचं भांडं वर्षानुवर्षं घासून पातळ झालेलं. बायको मिस पर्ल जमिनीवर बसून त्याचा एक बूट मांडीवर घेऊन पुसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, साहेब. कुणी नाव घेतलं असेल त्याचं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर नव्हता, संन्यासीही मंगळवारी नव्हता. फाशी तेवढी खरी होती. मी अंगणात येऊन ओकलो.

नवव्या रात्रीला आंट उना गाणार होती. मिस पर्लच्या मुलीनं तिला सांगितलं की तो हाताला पट्टी बांधलेला गाणाराही आणा, त्याचा गळा चांगला आहे म्हणतात. मी ऑरव्हिलला जाऊ नको म्हणालो. तो म्हणाला, "त्या बाईचं एवढं तरी करायला नको?" त्याच्यात अक्कल नाही असं मी उगीच म्हणत आलो. मीही गेलो.

दिवे नुकते लागले होते. बोकडाच्या मुंडीचं सूप उकळत होतं, बायका वाफ टाळत ढवळत होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी टकलावरून विनोद करत होतं. मेलेल्याच्या टेबलावर मासा, भात, रम. डॉमिनोचं टेबल अंगणाच्या मधोमध. तीन खुर्च्यांवर माणसं, एक रिकामी. गाणाऱ्याला मानाची जागा म्हणून ऑरव्हिलला तिच्या समोरची खुर्ची दिली. मी कुंपणाला टेकून उभा राहिलो.

गाणं चांगलं लागलं. लोक रडले, हसले. मग सिल्बर्टच्या मुलीनं चालीवरच विचारलं, मारणारा कोण? आणि सगळं अंगण तिच्या मागे तेच म्हणायला लागलं, मारणारा कोण, मारणारा कोण. प्रत्येक नवव्या रात्री असं म्हणत नाहीत. ज्याला मारलं त्याच्याच रात्री म्हणतात.

रिकामी खुर्ची हलली. ती ऑरव्हिलकडे नाही वळली. हळूहळू, एक पाय जमिनीत रुतवत, ती कुंपणाकडे वळली, माझ्याकडे.

तिच्या पाठीवर ओला टॉवेल होता.

सिल्बर्ट हे नाव मी मनानं रचलं होतं हे जगात आम्हा दोघा भावांनाच ठाऊक होतं. ऑरव्हिलनं खुर्ची पाहिली, मग मला पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी मार खाताना व्हायचा तसा झाला. मी मान हलवली. नको, असं म्हणालोही, पण गाण्यात ते बुडालं. मला मरायचं नव्हतं. तरी ते ‘नको’ मी मनापासून म्हणालो.

तो माझ्याकडे बघून हसला. आणि स्वच्छ, गोड आवाजात त्यानं गाण्यात एक नाव घेतलं. ग्रेंज हिलचा एव्हन मॉटली. असं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

फाटकापाशी मघाशी कुणी नव्हतं. आता तिथे एक माणूस उभा होता, खांद्यावर झोपलेली लहान पोर. आपल्याला कुणी हाक मारली म्हणून तो वळला, आणि पोर जागी होऊ नये अशा बेतानं हळूच म्हणाला, "काय?"